परशूचं मन, माझे फणस

माझा चहा बिनसाखरेचा सांगा बरं. जोयड्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं मला आणि शेजारच्या परशूला एकाच दिवशी शुगर सांगितली. म्हणाला, फणसाचा गराबी तोंडात घालू नका. मी चोरून खायचो. परशू मात्र उळवीच्या जत्रंतसुद्धा गोडाला शिवला न्हाई. मग काय, माझी बायको दिवसातनं दहादा ऐकवायची, "मन असावं तर परशूभावजींसारखं!" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी त्यालाच विचारलं, "तुझं मन आवरतंय तरी कसं रे?"

"मन कुठलं आवरतंय! फणस कोवळे असतात तवाच सगळे काढून गावात भाजीला वाटून टाकतो. पिकलेला दारात नसला की मन गप बसतंय."

बायकोला दाखवायचंच म्हणून यंदा मीबी माझ्या झाडाचे सगळे फणस कोवळेच उतरवले. म्हटलं, वांदरंबी हात हलवत परत जाऊ देत. दर साली चार-पाच पिकलेले तीच लांबवत हुती.

परवा दुपारी कुत्रं भुंकलं म्हणून परड्यात गेलो, तर परशू कोयता नि पोतं घेऊन माझ्या झाडाखाली उभा. मान वर करून फांद्या धुंडाळतोय.

मला बघून लाजायचं ऱ्हायलं बाजूला, उलट माझ्यावरच भडकला, "सगळे काढलेस व्हय? अरं, मग मी खाऊ काय?"