पाणी आलं, मग मेंढरांचं काय

माझं माहेर आन् सासर दोन्ही म्हसवडच्या अंगाला, आन् दोन्ही घरं मेंढरांची. मी जन्मले ती वाटंवरच, कृष्णाकाठी कुणाच्या तरी मोकळ्या रानात. आई म्हणायची, तू झालीस आन् तिसऱ्या दिवशी तुला घोड्यावर कोकरांशेजारी बांधून वाडा पुढं निघाला. वाडा म्हंजी घर न्हवं बरं का. चार-पाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, हे सगळं मिळून जे चालत असतं त्याला आमच्यात वाडा म्हणत्यात. पण मी मेंढरामागं ऱ्हायले न्हाई. चुलतीपाशी गावात ऱ्हाऊन शिकले, बी.ए. झाले, आमच्या वस्तीत पोरांत न्हाई का पोरींत न्हाई, पहिली मीच. हे सांगितलं की लोकं म्हणत्यात बाई मिजास करती. करती तर करती. कॉलेजात पोरी म्हणायच्या हिच्या अंगाला मेंढरांचा वास येतोय, तवाच मी ठरवलं व्हतं, वास येऊ दे, पण मेंढरांबरुबर आपण चालायचं न्हाई.

आन् लग्न झालं ते मेंढरांच्याच घरात, काय सांगू तुमाला! मालक गलाईच्या दुकानात, विट्याकडच्या एका माणसाचं दुकान हाय लांब मदुराईला, तिथं सोनं गाळायचं काम. सासूबाई आधीच गेलेल्या. म्हंजी घरात मी आन् सासरे, सासऱ्यास्नी आमी मामा म्हणतो. मामा दिवाळी झाली की वाड्याबरुबर कृष्णंकडं उतरायचे आन् मृगाला परत. कारण सरळ हाय. आमच्याकडं पावसाळ्यात थोडं गवत, पुढं नुसती कुसळं. तिकडं पावसाळ्यात चिखल, मेंढरू टिकत न्हाई, पण नंतर रानं मोकळी. शेतकरी वाट बघत असायचा. आज ह्याच्या रानात मेंढरं बसवायची, उद्या त्याच्या, लेंड्यांचं खत त्यांच्या रानाला, ज्वारी आमच्या पोत्यात. कुणाचे कुणावर उपकार न्हाईत.

मग आमच्याकडं कालवा आला. माझ्या लग्नात पाण्याचा टँकर नवरदेवाच्या आधी आला व्हता, असला आमचा मुलूख, आन् तिथं पाणी वाहाय लागलं. बायकांनी नारळ फोडले. मामा गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन नुसते उभे ऱ्हायले. त्या दिवाळीला ते निघालेच न्हाईत. कशाला निघायचं, दारात हिरवं हाय.

इथंच आमी सगळे चुकलो. कोरड्या मुलखातल्या माणसाला हिरवं बी वंगाळ असतं हे ठावंच नसतं. कालवा पाझरून ओढ्याकाठी गवत मातलं, आन् दिस उगवायला मेंढरं त्या दवात, त्या चिखलात. दिवसभर चरायची, आमी बघून खूश. हिवाळा सरंपर्यंत खुरं कुजली, मेंढरं गुडघ्यावर चराय लागली, जबड्याखाली सूज यायची. डॉक्टर म्हणाले, बाई, पाणथळ गवतातनं पोटात किडा जातोय, गोगलगायी हायेत तिथं. आमी कवा गोगलगाय बघितलेली? किती तरी मेंढरं गेली. मामांचं जेवण तुटलं.

मालकांचा फोन आला, बापाला म्हणाले, दादा, उरली ती विका, सगळ्या रानात ऊस लावू, माणसागत एका जागी ऱ्हाऊ. मामा म्हणाले, मग इतकी वर्षं मी कोण व्हतो रं? आन् फोन माझ्या हातात दिला. मी मालकांच्या बाजूची व्हते, खोटं कशाला बोलू.

व्यापारी आला. आता आमच्या घरात अशी रीत हाय, मेंढी विकायची तर तिच्या खांद्यावरची चिमूटभर लोकर कापून घरात ठेवायची, मेंढी गेली तरी लक्ष्मी जाऊ नये म्हणून. मामा कातर घेऊन बसले, एकेकीला कुरवाळायचे, कापायचे, पिशवीत टाकायचे. व्यापारी वैतागला, आवं म्हातारबा, विकताय का हजामत करताय? मामा म्हणाले, बस जरा, हिच्यामागनं तुझाच नंबर हाय.

निम्मी झाली असतील, तवर फटफटीवर आबा आले. आबा म्हंजी कृष्णाकाठचे बागायतदार, त्यांच्या रानात मामांनी लय वर्षं मेंढरं बसवलेली. आल्या आल्या म्हणाले, आवं पाव्हणं, औंदा वाडा कुठं अडला? मी रान मोकळं ठेवून बसलोय. रुमालातनं त्यांनी एक ढेकूळ काढलं, वर पांढरा थर. उसाला पाणी पाज पाज पाजलं, म्हणाले, आन् खालचं मीठ वर आलं. चर काढलेत, पाणी उतरतंय, आता खत पाहिजे, मेंढरं आणा. मी ते ढेकूळ जिभेला लावलं. खारट. मनात म्हटलं, हेच आपण आपल्या हातानं करायला निघालोय की.

मामा म्हणाले, आबा, वाटच ऱ्हायली न्हाई, कुठं कालवा आडवा, कुठं डाळिंबाची कुंपणं. आबा म्हणाले, मग टेम्पोनं आणा. मामा म्हणाले, मेंढरं काय वऱ्हाडी हायेत व्हय! पण हसले, किती तरी दिवसांनी हसले.

मी मामांच्या हातातली कातर घेतली आन् व्यापाऱ्याला म्हटलं, च्या घ्या आन् निघा. मालकांना फोन लावला, म्हटलं, खालच्या तुकड्याला डाळिंब लावू, मोजकं पाणी देऊ, वरचा माळ कुसळाचाच ठेवू, दव वाळल्याबिगर मेंढरं सोडायची न्हाईत, आन् दिवाळी झाली की टेम्पोनं आबांकडं. मालक म्हणाले, तू बी.ए. कशाला झालीस मग? मी म्हटलं, तुमाला हे सांगायला.

ती निम्मी मेंढरं लोकर येईस्तवर खांद्यावर खड्डा घेऊन हिंडली. वस्ती म्हणायची, ह्यांचा न्हावी मधीच पळाला. पिशवी अजून खुंटीला हाय.

आता दर साली टेम्पो येतो. पण मामा आबांच्या गावाच्या अलीकडंच मेंढरं उतरवत्यात आन् शेवटचा टप्पा चालवत नेत्यात. ड्रायव्हर चिडतो. मामा म्हणत्यात, चालायचं विसरली तर पाणी गेल्यावर काय करतील? औंदा मामांचे गुडघे धरले, म्हणून मी संगं गेले. टेम्पोतनं खाली बघत म्हणाले, पोरी, तू हो पुढं. मी आजूबाजूला बघितलं, ड्रायव्हर सोडला तर दुसरं कुणीच न्हवतं. पदर खोचला, मामा घालत्यात तशी हिर्र्र करून हाळी घातली. पहिली नीट आली न्हाई, ड्रायव्हर हसला. दुसरीला मागं खुरं वाजाय लागली. मी मागं वळून बघितलं न्हाई, चालत ऱ्हायले. मामा तेवढंच म्हणाले, सावकाश, कोकरं हायेत.