चार ते पाचचा खेळ

ताई: ती वायर काढ आधी. माझ्या टीव्हीच्या मागे हात घालायचा नाही.

धाकटा: तुझ्या? हा बाबांचा टीव्ही आहे ना?

ताई: बाबांचा आहे, पण रोज पुसते मी. काढ म्हटलं ना.

धाकटा: ताई, उद्या सकाळी मी निघतोय. आज शेवटची दुपार. तीन दिवस तू तुला हवं ते लावलंस, मी अवाक्षर काढलं का?

ताई: तोंडातून नाही काढलंस. चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. शिक्षा म्हणून बसवल्यासारखा बसला होतास सोफ्यावर.

धाकटा: मग काय नाचू? तीन दिवस रोज एक तास तोच एक सिनेमा. एक म्हातारा खुर्चीत बसून बायकोला सांगतो की आपण आयुष्यभर चुकलो. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला, चुकला म्हणून.

ताई: त्या म्हाताऱ्याचं काम बघायला लोक रांगा लावायचे. बाबांनी तो सिनेमा थिएटरच्या मशीनवर सव्वीस आठवडे चालवलाय. पण तुला काय त्याचं? तुझी अक्कल त्या अमेरिकन ब्लूज गाण्यांच्या पुढे जात नाही. एकच रडगाणं बारा वेळा, आणि मध्ये मध्ये गिटारचा गळा दाबल्याचा आवाज.

धाकटा: ऐकलंयस तू कधी? पुरतं एक गाणं तरी?

ताई: तू कॉलेजात असताना भिंतीपलीकडून ऐकलंय सगळं. पुरेसं आहे मला.

धाकटा: मी आणलेली ही डिस्क नुसती ऐकायची नाहीये. स्टेजवरच्या मैफिलीचं चित्रीकरण आहे. बघायचं आहे. चाळीस-पन्नास मिनिटं फक्त. तुझ्या चार ते पाचमध्ये आरामात बसतं.

ताई: बसत नाही. मी दोन सिनेमे काढून ठेवलेत, ते बघ टेबलावर. एक कोर्टातला, एक त्या तीन बहिणींचा. बाबा उठले की सांगतील कुठला ते. पावणेचार झालेत, आता उठतीलच. आवाज खाली ठेव.

धाकटा: मी आवाज वर केलाच नाहीये. वर कोणाचा आहे बघ.

ताई: नीट ऐक. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय तुला माहीत आहे. डोळ्यातलं मधलं सगळं जाणार, कडेकडेचं थोडं राहणार. तीन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत पाच-सहा महिने दिले त्यांनी. दिवसाला एक तास, त्यापुढे डोळ्यांतून पाणी यायला लागतं. म्हणजे माझ्या हातात किती तास आहेत? मोजून मोजून लावते मी एकेक सिनेमा. आणि तू चार दिवसांसाठी उगवतोस आणि म्हणतोस, एक तास दे. गाणं काय, डोळे गेल्यावरही ऐकता येईल त्यांना. जन्मभर ऐकू देत. सिनेमा नाही बघता येणार.

धाकटा: हातात तास तुझ्या? डोळे त्यांचे आहेत.

ताई: हो का? मग तीन वर्षं कुठे होतास? सकाळी सहाला उठून लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला जाते, दोनला घरी, त्यांचं जेवण, त्यांच्या डोळ्यांचे थेंब, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने एकेक, मग चारला पडदे ओढून हा खेळ. एकदा तरी विचारलंस फोनवर, की ताई, तू कशी आहेस?

धाकटा: फोन स्पीकरवर ठेवून तू बाजूला उभी असायचीस. एक वाक्य तरी बोलू दिलंस का आम्हाला एकट्याला? आणि डोळ्यांचं मला कधी कळवलंस? सगळं ठरून झाल्यावर! 'येऊन जा' एवढाच मेसेज. पोस्टमनसुद्धा जास्त बोलतो.

ताई: आलास ना? उपकार झाले. आता ती डिस्क बॅगेत टाक.

धाकटा: हेच रेकॉर्डिंग मी दोन महिन्यांपूर्वी पाठवलं होतं. कुरियरने. दाखवलंस त्यांना?

ताई: विचारलं. नको म्हणाले.

धाकटा: तू 'हे घ्या, आलं तुमच्या चिरंजीवांचं' अशा सुरात विचारलं असशील.

ताई: सरळ विचारलं. म्हटलं, ब्लूजची मैफील आहे, लावू का? तर म्हणाले, 'नको. ते मला माहीत नाही. जे माहीत आहे तेच लाव.' दर वेळी असंच म्हणतात. मी नवा सिनेमा आणला तरी हेच. त्यांनी स्वतः चालवलेलेच सिनेमे हवे असतात त्यांना. आता यात माझा काय दोष?

धाकटा: म्हणजे दोन महिने ते पाकीट पडून आहे.

ताई: कपाटात आहे. फोडलंही नाही. एवढं काय आहे त्यात? जगात दुसरी मैफील नाही का?

धाकटा: मी आहे त्यात.

ताई: काय?

धाकटा: मी. स्टेजच्या कडेला साउंडच्या टेबलापाशी, सगळ्यांचा आवाज सांभाळत. मधे एकदा कॅमेरा माझ्यावर येतो. अकरा सेकंद. आता कळलं?

ताई: मग हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?

धाकटा: सांगून दाखवायचं म्हणजे भीक मागायची. बाबा मला काय म्हणाले होते, विसरलीस? थिएटर बंद पडलं त्या वर्षी. 'मी केबिनमध्ये होतो तर दिवा तरी माझ्या हातात होता. तू काय करणार, लोकांच्या वायरी गुंडाळणार.' वीस वर्षं झाली मला हे काम करून. एकदाही पाहिलं नाही त्यांनी मला काम करताना. एकदाही. मला वाटलं होतं, ते बघता बघता आपोआप दिसेन. मी काही बोलणार नव्हतो. तेच म्हणतील, अरे, हा तर आपला...

ताई: रडतोयस?

धाकटा: नाही. राग आलाय. तुझा.

ताई: तो रोजचाच आहे. हे बघ, आज नाही. आजचं ठरलंय. तू ते ठेवून जा, मी पुढच्या आठवड्यात लावीन.

धाकटा: मी गेल्यावर? मग काय उपयोग? मला त्यांचा चेहरा बघायचाय, ताई. आणि पुढच्या आठवड्यात दिसेल याची खात्री काय?

ताई: दिसेल. चांगलं दिसतंय त्यांना. डॉक्टरीणबाई काही म्हणू देत, रोज चार ते पाच मी असते शेजारी, मला कळतं. काल तुझ्यासमोर तीनदा 'ठिपका' म्हणाले की नाही? एवढासा ठिपका असतो, पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, डोळ्याचं पातं लवलं की गेला. तो त्यांना दिसतो. आणखी काय पुरावा हवा?

धाकटा: म्हणाले खरे. मला वाटलं, सवय.

ताई: सवय कसली! रीळ संपत आलं की ठिपका यायचा, तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. चाळीस वर्षं त्या ठिपक्याकडे डोळे लावून बसलेला माणूस आहे. अजून एकही चुकत नाही. मी रोज मोजते. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी समजेन मी, की संपलं.

धाकटा: तुला दिसला काल?

ताई: काय?

धाकटा: ठिपका. तुला स्वतःला दिसला का?

ताई: मी पडद्याकडे कुठे बघते? मी त्यांच्याकडे बघत असते.

धाकटा: कालची डिस्क कुठली होती? आपली जुनीच?

ताई: जुनी अडकायला लागली होती. म्हणून दोन महिन्यांपूर्वी सगळे सिनेमे नवीन आणले. साफ केलेल्या प्रती आहेत. ओरखडे नाहीत, धूळ नाही, चित्र कसं आरशासारखं. असा काय बघतोयस?

धाकटा: दे ती डिस्क.

ताई: कशाला?

धाकटा: दे, ताई. पहिला ठिपका किती मिनिटांनी?

ताई: अठरा-एकोणीस. त्या म्हाताऱ्याची बायको खिडकी बंद करते तेव्हा. तुझं काय चाललंय? चार वाजत आलेत.

धाकटा: लावलीय. आता तू पडद्याकडे बघ. फक्त पडद्याकडे. उजवा कोपरा. ही बायको उठली... खिडकीपाशी गेली... बंद केली. दिसला?

ताई: पुन्हा लाव.

धाकटा: उठली, गेली, बंद केली. आहे ठिपका?

ताई: तू पुढे पळवलंस. पुन्हा लाव.

धाकटा: कितीही वेळा लावतो. साफ करताना ठिपकेसुद्धा पुसतात ते लोक. ओरखड्यांबरोबर. या प्रतीत एकही ठिपका नाहीये. कालही नव्हता. दोन महिने नव्हता.

ताई: पण ते म्हणतात ना. बरोबर खिडकीलाच म्हणतात.

धाकटा: सव्वीस आठवडे चालवलाय. आवाजावरून कळतं त्यांना. खिडकी आपटली की ठिपका. म्हणून तर जे माहीत आहे तेच लाव म्हणतात. माहीत नसलेल्यात काय सांगणार?

ताई: गप्प बस.

धाकटा: ताई...

ताई: गप्प बस म्हटलं ना! तू आलास आणि चार दिवसांत... मी रोज शेजारी बसते. रोज. मला कळलं नसतं का?

(आतल्या खोलीचं दार उघडं आहे. वडील चौकटीला हात लावून उभे आहेत.)

वडील: भांडा, भांडा. पब्लिक आलंय, खेळ सुरू करा.

ताई: बाबा, तुम्ही कधी उठलात?

वडील: खिडकी दुसऱ्यांदा बंद झाली तेव्हा. पोरगं बरोबर बोलतंय. तुझ्यावर आवाज चढवून बोलतंय ते सोडलं तर.

ताई: किती दिवस झाले?

वडील: मागच्या तपासणीनंतर पंधरा दिवस टिकलं असेल. आता मधे नुसता धूर आहे. कडेने दार दिसतं, खुर्ची दिसते. तू आहेस तेवढं कळतं. पुढच्या बुधवारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच असतं तुला.

ताई: आणि मी वेड्यासारखे पडदे ओढत होते. थेंब, वेळ, एक तास, त्यापुढे नाही! माझी मजा बघत होतात?

वडील: मजा बघायला डोळे लागतात.

ताई: विनोद करू नका! मला का नाही सांगितलंत?

वडील: सांगितलं असतं तर काय केलं असतंस? रेडिओ लावून दिला असतास आणि स्वयंपाकघरात गेली असतीस. तू दोनला येतेस, सहापर्यंत तुझे पाय जमिनीला टेकत नाहीत. त्या एका तासात तू माझ्या शेजारी बसायचीस. गप्प. हात माझ्या खुर्चीवर. तेवढ्यासाठी ठिपका म्हटलं तर काय बिघडलं?

ताई: खूप बिघडलं.

वडील: बरं, बिघडलं. आता तुझं ऐकलं. याचं काय आहे? काय लावायचं म्हणत होता?

धाकटा: राहू द्या, बाबा. आता काय.

वडील: का? माझ्यासाठी आणलं होतंस ना?

धाकटा: ते बघायचं होतं.

वडील: म्हणून मी नको म्हटलं होतं. ब्लूजला नाही, तुला नाही. त्यात कुठे ठिपका म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. पकडला गेलो असतो. लाव.

धाकटा: पण तुम्हाला मी दिसणार...

वडील: नाही दिसणार. माहीत आहे मला. लाव म्हणतोय ना. सगळं नको, तू येतोस तिथून. आणि आवाज मोठा ठेव, गाणाऱ्याचा काय गळा आहे ते तरी कळू दे. सुरू झालं का? मग तू आता एक शब्द बोलायचा नाहीस. ही सांगेल.

ताई: मी? हा सांगेल ना. याचंच आहे.

वडील: हा सांगणार नाही नीट. एक तर स्वतःला मोठा करून सांगेल, नाहीतर लाजून गिळून टाकेल. तुझा त्याच्यावर राग आहे. तू खोटं सांगणार नाहीस. बोल.

ताई: स्टेज आहे. लाकडी. लाल रंगाचा पडदा मागे. गाणारी बाई जाड आहे, बसून गाते, गिटार मांडीवर. घाम आलाय तिला.

वडील: तो कुठाय?

ताई: अजून नाही... आला. डावीकडे आहे, टेबलामागे. वाकलाय. शर्ट चुरगळलेला, नेहमीसारखा. कानाजवळचे केस पिकलेत. मला माहीत नव्हतं.

वडील: करतोय काय?

ताई: काही नाही. एक हात टेबलावर ठेवलाय आणि डोळे मिटलेत. नाही, थांबा. ती बाई गाता गाता थांबलीय. मागचे वाजवणारेही थांबलेत. सगळे याच्याकडे बघतायत. सगळे, बाबा. हा एक बटण जरासं, अगदी जरासं वर करतो. आणि मान हलवतो. आणि मग ती सुरू करते.

वडील: याने मान हलवल्यावर?

ताई: हो. याने हलवल्यावर.

वडील: तोपर्यंत थांबली होती ती?

ताई: थांबली होती. गेला कॅमेरा दुसरीकडे. संपलं त्याचं.

वडील: मागे घे. आणि या वेळी घाई करू नकोस.