ज्याच्या हातात आत्या

…न्हाई, न्हाई, पाठीला हात लावू नका! तुम्हाला सांगतो, आजून ठणकायली. नातवाचं बारसं घरात, आन् धपाटे कुणी खाल्ले? आज्यानं! ह्या चंद्रप्पानं! कशामुळं? मोबाईलमुळं! आन् म्या तर मोबाईल बघतच न्हाई वो! आता किराणा दुकान हाय आपलं, निलंग्याला सोयाबीन काय भावानं गेलं तेवढं बघावं लागतंय, ते सोडा. पण बाकी… हात बी लावत न्हाई!

आता मला सांगा, बारशाला नाव कोण ठिवतंय? आत्या. तिनं पाळण्यात वाकायचं, लेकराच्या कानात कुर्र करून हळूच नाव सांगायचं, आन् ती वाकली की बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालायचे. समदा बायकांचा कारभार. बाप्या माणसाचं तिथं काम काय? कायबी न्हाई! वसरीला बसावं, पान खावं, घुगऱ्या आल्या की हात पुढं करावा. पण आमच्या घरची आत्या कोण? दामिनी. माझी लेक. आन् तिच्यात नि माझ्यात तीन वर्षं झाली, बोलणं न्हाई!

का म्हणून इचारा. इचारा की! हैदराबादला नोकरीला गेली, तिथं हापिसातल्या पोरासंगं लगीन केलं. केलं तर केलं! पण बापाला कळावं कधी? घरच्या ग्रुपवर फोटू पडल्यावर? म्या दुकानात साखर जोखून राहिलो, मोबाईल वाजला, बघतो तर लेकीच्या गळ्यात हार! आन् त्याच्याखाली अंगठे! चुलत्याचा अंगठा, सोयऱ्याचा अंगठा, माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा अंगठा! समद्यांनी अंगठे दाखवल्यावर बापानं काय दाखवावं? म्या ग्रुपच सोडला. तिनं फोन केले, म्या उचलले न्हाईत. मंग तिनं बी निरोप धाडला, "अप्पा सोता ये म्हणत न्हाईत तवर उंबरा चढणार न्हाई." लेक कुणाची? माझीच. जिद्द काय बाजारातून आणायची का तिनं?

तर पोरगा सिद्धराम म्हणला, "अप्पा, ताई व्हिडिओवरून नाव ठिवल." आमची मंडळी, शिवम्मा, लगेच टोमणा मारून मोकळी, "हैदराबाद हाकेवर हाय, आन् नाव आभाळातून मागवायलेत!" सून अक्षरा तर आठ दिस नेट उपसून नावं काढायली. एकेक नाव असं की बोलताना जीभ चावावी! एका नावाचा अर्थ काय तर म्हणे, 'ज्याला आरंभ न्हाई तो'. आवो, आत्ता दवाखान्यात आरंभ झालाय की त्याचा, बिल हाय माझ्यापाशी! बरं, शिवांश ठिवावं तर आमच्या एका गल्लीत तीन शिवांश. शेवटी ठरलं, मान आत्याचा, तीच ठिवल. दामिनीनं नाव काढलं, पण सांगितलं कुणालाच न्हाई. भावाला न्हाई, भावजयला न्हाई. थेट लेकराच्या कानात!

आन् बारशादिवशी काय व्हावं? दुपारीच लाईट गेली. वायफाय मेलं. सिद्धरामच्या मोबाईलला रेंजची एक काडी न्हाई, सुनंच्या मोबाईलला न्हाई. गावभर बाया आल्या, घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला, दिस कलायला लागला, आन् आमची शेजारची बसम्मा वहिनी, हाताचे पंजे ही एवढाले, ती बजावून राहिली, "दिवा लावायच्या आत नाव पडलंच पायजे, न्हाई तर बरं नसतंय!" मंग रेंज कुणाच्या मोबाईलला? माझ्या! दोन काड्या! ते बी फकस्त चौकटीपाशी! चार जणींनी पाळणा उचलला, सरकवत सरकवत दारात आणला. सिद्धरामनं हात पुढं केला, "द्या अप्पा मोबाईल." म्या म्हणलं, देत न्हाई!

कशाला देऊ? माणसाच्या मोबाईलमध्ये माणसाचं काय काय असतंय! म्या बघत न्हाई ते सोडा. पावसाचा अंदाज बघतो, बैलांच्या शर्यती बघतो, रात्री झोप लागत न्हाई म्हणून त्या एका बाईचा सैपाक बघतो, तेवढंच! पण एकदा… कुणाला सांगू नका… एकदा म्या नेटला इचारलं होतं. बोललं की लिहितंय ना ते? दुकानाच्या मागं जाऊन हळूच म्हणलं, 'लेक बोलत नसल तर बापानं काय करावं?' तर त्यानं काय दाखवावं? 'वाणीदोषासाठी जवळच्या डॉक्टरांना भेटा'! आता हे सिद्धरामच्या नजरंला पडलं असतं तर?

शिवम्मा म्हणली, "देत न्हाई ना? मंग तुमीच धरा!" झालं. पन्नास बाया, एक पाळणा, आन् मधी म्या. भावाचा फोन लागंना म्हणून तिनंच लावला असंल, माझा मोबाईल वाजला. बोट लावलं. चक्र फिरायलं… फिरायलं… एक काडी गेली… समद्या बाया श्वास धरून… आन् पडद्यावर दामिनी! हातभर अंतरावर! तीन वर्षांनी! वाळली होती वो पोरगी. डोळ्याला चष्मा लागलेला. ती म्हणली, "अप्पा, शरणार्थी." आमच्यात नमस्काराला असंच म्हणतेत. ती म्हणली, "अप्पा, जरा त्याच्या कानाजवळ धरता का?" म्या आवाज बारीक केला, वाकलो, पाळण्यात अर्धा गेलो, मोबाईल लेकराच्या कानाला लावला, आन् तिकडून तिनं कुर्र केलं…

तेवढ्यात मागून एक बाई म्हणते, "आगं, आत्याचे धपाटे कुणाला घालायचे?" आन् बसम्मा वहिनी काय म्हणावी? "ज्याच्या हातात आत्या, त्याला!"

आवो, धप! धप! धपाधप! म्या ओरडायलो, "आवो म्या आज्जा हाय! चंद्रप्पा हाय!" ऐकतंय कोण? बसम्मा वहिनीनं तर मागच्या दिवाळीला म्या उधारीवर साखर दिली न्हाई त्याचा बी हिशोब चुकता केला. मोबाईल सटकला, उडाला, आन् बदकन घुगऱ्याच्या पातेल्यात!

काढला. धोतरानं पुसला. चालू होता बिचारा, पण आत्या गेलेली. दोन्ही काड्या गेलेल्या. लाईटीवाचून टावर बी झोपला. आन् समद्या बाया मलाच, "काय नाव? काय नाव सांगितलं?" मला काय ठावं? लेकराच्या कानात सांगितलं ना! आख्ख्या गावात नाव ठावं कुणाला? त्या बारा दिसाच्या पोराला! आन् ते अंगठा चोखून राहिलं!

अक्षरा रडकुंडीला आली. दिस बुडायला आला. पाळणा म्हणणाऱ्या बाया गाणं अर्धं सोडून खोळंबल्या, नावाशिवाय पुढची ओळच म्हणता यीना. बसम्मा वहिनी म्हणली, "भाऊजी, पाडला तुमी, आता इचारा बी तुमीच." समदे माझ्याकडं बघायले. शिवम्मा तर असं बघायली की तिच्यापेक्षा धपाटे बरे. म्या उठलो, मुकाट स्लॅबवर गेलो.

वर गेलो. टाकीवर चढलो. हात वर केला, एक काडी आली. जिना चढतानाच ठरवलं होतं काय बोलायचं ते. 'नाव काय ते सांग, आन् ठिव.' बास. एक शब्द जास्ती न्हाई! लावला साधाच फोन. वाजायला. माझं काळीज त्याच्यापेक्षा मोठ्यानं वाजायलं. तिनं उचलला. "अप्पा?" आन् आवाज तुटला. "हॅलो… अप्पा… हॅलो…" म्या टाकीवर एका पायावर उभा, कान दाबून ओरडायलो, "हाय! हाय म्या! ठिवू नको! ठिवू नको बाई!" कडंला झालो तसा आवाज आला. म्हणती, "अप्पा, लई लागलं का वो पाठीला?" आन् तुम्हाला सांगतो, पाठ केलेलं समदं पळून गेलं. माझ्या तोंडून काय निघावं? "जेवलीस का?"

ती रडायली. म्या म्हणलं, चष्मा कधी लागला? तर रडता रडता हसली. म्हणली, "तुमाला ठावं हाय की! आठ दिसाखाली स्टेटसला फोटू टाकला, तुमीच तर समद्यात आधी बघितला." म्या म्हणलं, छ्या! म्या मोबाईल बघतच न्हाई! ती म्हणली, "अप्पा, कोण बघितलं त्याचं नाव येतंय वो खाली. तीन वर्षं झाली, रोज सकाळी पयलं नाव तुमचंच." आरं देवा! हे मला कुणी सांगितलंच न्हाई! म्या आपला रोज दुकान उघडायच्या आधी, कुणाला दिसू नये म्हणून शटरच्या आत उभा राहून बघायलो, आन् हिला तिकडं समदं दिसायलं! म्या म्हणलं, "मंग तू बोलली काऊन न्हाईस?" ती म्हणली, "तुमाला दिसावं म्हणूनच तर टाकत होते."

खोटं कशाला बोलू? टाकीवर बसून रडलो. ढसाढसा. गावानं बघितलं तर बघितलं. म्हणलं, "जावयाला घे, आन् आत्ताच्या आत्ता घराला ये. म्या बोलवायलो." म्हणली, "निघाले अप्पा." मंग ती कुठं ऱ्हाती, काय खाती, जावयाला ज्वारीची भाकर चालती का, समदं इचारलं. समदं! मंग काडी गेली, मोबाईल बी मेला. डोळे पुसून, राजावानी खाली उतरलो. खाली दिवे लागलेले, पन्नास बाया पाळण्याभवती ताटकळलेल्या, शिवम्मा पायरीवरच उभी.

"काय नाव सांगितलं वो?"

आता तुमीच सांगा, तिला काय सांगू? एवढं बोललो, एवढं बोललो… नावच इचारायचं राहिलं की!