भरताच्या पंगतीत वरणभात

...आणि वर मलाच विचारतात, रतिलालभाऊ, आपल्याच शेतात भरीत पार्टी ठेवली अन् आपणच वरणभात खाल्ला? आता काय सांगू? तुम्हाला सांगतो, पोट माझं, पण वस्ती त्यांची!

त्यांची म्हणजे जंतूंची. दाढ सुजली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दाढ बसली अन् पोट उठलं. पुतणी स्नेहल जळगावला कॉलेजात जंतूच शिकवते. ती म्हणते, "काका, आतड्यात चांगल्या जंतूंचं अख्खं गाव असतं. गोळ्यांनी दाढेतल्या गुंडांबरोबर ते गावही उठवलं. परततील हळूहळू. तोवर ताक, वरणभात. तिखट बंद."

तिखट बंद? अहो, लेकीचं लग्न ठरलंय, साक्रीचे व्याही पहिल्यांदा भरीत खायला येणार, अन् आमच्या घरची रीत अशी, की वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजून हिरव्या मिरचीसोबत ठेचली, की पहिला घास यजमानानं घ्यायचा, त्यानं मान डोलावल्याशिवाय पंगत जेवत नाही... मी काय ताक पिऊन मान डोलवू?

म्हणून म्हटलं, आधी सवय करू. गुपचूप शेवभाजी चापली, तर्रीसकट. वाटलं, खान्देशातले जंतू आहेत, तिखटाच्या वासानं धावत घरी येतील. कुठले येतात? जे चार परतले होते तेही गेले. पोट माझं, वस्ती त्यांची!

झालं, पार्टीचा दिवस आला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली, सगळे माझ्याकडे बघताहेत, मी घास तोंडाशी नेला... अन् पोटातून असा आवाज आला, की बांधावरचं कुत्रं उठून बसलं. घास खाली ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. शेवटी लेकीनं, ऋतिकानं, घास घेतला, मान डोलावली, अन् माझ्यापुढे वरणभात आला.

व्याही पितांबरआबा बघतच राहिले. "भरीत आमले अन तुमले वरणभात?"

सांगून टाकलं सगळं, दाढेपासून शेवभाजीपर्यंत. आबा कानाशी येऊन म्हणतात, "मन्ह्या बी गोया चालू शेतस, व्याही. तुमनं मन कसं मोडू म्हनीसन बोलनू नही. माले बी भातच वाढा."

म्हणजे गोळ्या त्यांच्याही चालू, माझं मन मोडू नये म्हणून बोलले नव्हते! बसलो दोघं शेजारी, भात कालवत. सोयरीक तिथं खरी पक्की झाली.

आता बरा आहे. स्नेहल म्हणते, गाव पुन्हा वसतं, पण तीच माणसं परततील असं नाही, काही नवीही येतात. आली ना! भरीत समोर आलं, की मी आधी विचारतो, मंडळी, चालेल का? अन् मंडळी म्हणतात, वरणभात. काय करणार... पोट माझं, वस्ती त्यांची.