राणीचं कपाळ

(कासलबार, मेयो परगणा, आयर्लंड. फेब्रुवारी २०२१. शाळा बंद आहेत. स्वयंपाकघरात आजी आणि तिची सोळा वर्षांची नात.)

आजी : तूच म्हणालीस, हॉट प्रेस. मी केली. चांगली गरम करून केली.

ईशानी : आजी, हॉट प्रेस म्हणजे कपाट. वरती, बाथरूमच्या बाजूला. गरम पाण्याची टाकी आहे ना आतमध्ये, आपण टॉवेल ठेवतो, ते. मी म्हटलं, माझा कॉलर हॉट प्रेसमध्ये ठेव. ग्लू सुकायला.

आजी : कपाटाला प्रेस म्हणतात हे मला कोणी सांगितलंय? आमच्याकडे प्रेस म्हणजे इस्त्री. सांगलीत इस्त्री, पुण्यात इस्त्री.

ईशानी : इथे कपाट. तू एक वर्ष राहतेस इथे.

आजी : वर्ष काढू नकोस माझ्यासमोर. मी तीन महिन्यांसाठी आले होते.

ईशानी : ते प्लास्टिकचं नेट होतं. जुना पडदा. मी चार दिवस घड्या घातल्या त्याच्या. आता बघ, अर्धा इस्त्रीला चिकटलाय.

आजी : बघतेय. वासही येतोय. उघड ती खिडकी. नको, राहू दे, तुमच्याकडचा पाऊस आडवा आत येतो. कसला कॉलर होता हा एवढा? मला वाटलं दिव्याची शेड आहे.

ईशानी : राणीचा कॉलर. एलिझाबेथ, पहिली. चारशे वर्षांपूर्वीची. शाळेच्या नाटकाचा आहे, मिस गिबन्सना आज व्हिडिओ पाठवायचाय. आज, आजी. सगळ्यांचे गेले, माझाच राहिलाय.

आजी : आणि राणी तू कशी?

ईशानी : कारण मेयोमध्ये इंग्लंडची राणी व्हायला कोणी तयार नाही. सगळ्या मुलींना ग्रेस ओमॅली व्हायचंय. ती इथली, मेयोची. समुद्रात जहाजं लुटायची. मग तिच्या मुलाला इंग्लिश लोकांनी पकडलं, तेव्हा ती जहाज घेऊन सरळ लंडनला गेली राणीकडे. तो सीन आहे. मिस म्हणाल्या, राणी कोण? झूमवर सगळ्यांनी कॅमेरा बंद केला. माझा चालू राहिला.

आजी : बापासारखीच आहेस. त्यालाही नाही म्हणता येत नाही, म्हणून सगळ्या सुट्ट्यांच्या ड्युट्या त्याच्याच.

ईशानी : हा फोटो बघ. अशी दिसायला पाहिजे मी.

आजी : आण इकडे. मोठा कर. अगं, या बाह्या तर आमच्या. फुग्याच्या. कॉलेजात असताना मिरजेला शिवून घेतला होता मी असा ब्लाउज, अबोली रंगाचा. शिंपी म्हणाला, ताई, एवढ्या कापडात दोन होतील. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाल्या, यात काय धान्य साठवायचंय?

ईशानी : मॉमने आत्ता मागवला ना, ग्रीन ड्रेस, त्याच्यापण सेम बाह्या.

आजी : आणि कॉलर बशीएवढा. मी म्हटलं तिला, बाहेर तर कुठे जायचं नाही, एवढा थाट कशाला? तर म्हणाली, आई, झूमवर गळ्यापर्यंतच दिसतं, म्हणून आता सगळी फॅशन गळ्याशी आलीय.

ईशानी : राणीचंपण तसंच. ती खुर्चीवर बसून राहायची आणि लोक लांबून बघायचे. सगळं वरतीच. कॉलर, मोती, विग.

आजी : विग म्हणजे गंगावनच की. मी लग्नात लावलं होतं, मान मोडायची वेळ आली होती. पण हिच्या भुवया कुठे गेल्या?

ईशानी : नाहीत. आता परत आलीय ती फॅशन, सगळ्या मॉडेल्स भुवया ब्लीच करतात. आणि त्या वेळच्या बायका पुढचे केस उपटायच्या. कपाळ मोठं दिसायला. मोठं कपाळ म्हणजे सुंदर.

आजी : केसांना हात लावलास तर बघ. वर्षभर तेल लावतेय मी त्यांना. या घरात मी केलेलं तेवढं एकच काम अजून शाबूत आहे.

ईशानी : नाही गं, फक्त पेंट. हॅलोविनचा आहे. केस बँडने मागे घेते. पण मला स्वतःला सरळ लावता येत नाही, मोबाइलमध्ये सगळं उलटं दिसतं. तू लाव ना. कॉलर तू जाळलास, तर हे तरी कर.

आजी : काय करायचं?

ईशानी : इथपासून इथपर्यंत. मला पूर्ण पांढरं कपाळ पाहिजे.

आजी : काय म्हणालीस?

ईशानी : पांढरं कपाळ. ते कपाळ, म्हणून पांढरं. बरोबर आहे ना?

आजी : व्याकरण बरोबर आहे. पुन्हा म्हणू नकोस.

ईशानी : का?

आजी : म्हणू नकोस म्हटलं ना. आणि ती डबी आत ठेव. मी लावणार नाही, तूही लावायचं नाहीस.

ईशानी : ओके, मला कळलं. हे गोऱ्या रंगाचं आहे ना? मिसनेपण विचारलं, ईशानी, ब्राऊन मुलीने पांढरा रंग लावायचा, यू आर ओके विथ दॅट? मी म्हटलं, ग्रँड, चालेल. आम्हाला शाळेत शिकवलंय ते सगळं. मी शेवटी तो रंग पुसते व्हिडिओमध्ये, तोच तर पॉइंट आहे.

आजी : मला तुझ्या रंगाचं काही नाही. मला बघायला आले तेव्हा मावशीने एवढी पावडर थापली होती की शिंक आल्यावर पाहुण्यांच्या चहात पडली. गोरी हो, नाहीतर निळी हो. गाल रंगव, मान रंगव. कपाळ सोड.

ईशानी : पण कपाळ हेच मेन आहे! गाल पांढरे आणि कपाळ ब्राऊन, मी पांडा दिसेन. आजी, प्लीज. आधी कॉलर, आता हे. तू मला काहीच करू देत नाहीस.

आजी : मी? मी काही करू देत नाही? मला कोण काय करू देतं इथे? गॅसला हात लावू नका, तो वेगळा आहे. दुकानात जाऊ नका, तुमचं वय आहे. दारात उभ्या राहू नका, सर्दी होईल. बसा. आई, तुम्ही नुसत्या बसा. बसून बसून माझं बूड चपटं झालं. आज एक इस्त्री केली तर ती कपाटात ठेवायची होती.

ईशानी : सॉरी. मी ओरडायला नको होतं.

आजी : ओरड. तू ओरडतेस ते बरं आहे. बाकीचे सगळे हळू बोलतात.

ईशानी : मग सांग ना का. मला नुसतं नको म्हणतेस.

आजी : ज्या बाईचा नवरा जातो, तिचं कुंकू पुसतात. मग लोक म्हणतात, हिचं कपाळ पांढरं झालं. कुणी तोंडावर म्हणत नाही, मागे म्हणतात. आपल्याकडे कुठलीही मुलगी तोंडाने मागत नाही ते. तू आपली मागितलंस, जसं काही दुकानातून आणायचंय.

ईशानी : मला माहीत नव्हतं.

आजी : तुला कसं माहीत असणार? कोण सांगणार?

ईशानी : पण राणीला नवराच नव्हता, आजी. तिनं लग्न केलंच नाही.

आजी : केलंच नाही? हुशार होती. आणि ती दुसरी, जहाजवाली?

ईशानी : ग्रेस. तिचे दोन नवरे. दोन्ही गेले.

आजी : मग ती काय लावायची कपाळाला?

ईशानी : काहीच नाही. इथे कोणीच काही लावत नाही.

आजी : तेच तर. इथे सगळ्यांचीच कपाळं रिकामी. माझं कुणाच्या लक्षात यायचं? सांगलीला असते तर गल्लीतल्या चार बायका आल्या असत्या. नको ते बोलल्या असत्या, रडल्या असत्या, प्रभावन्संनी एखादा टोमणाही मारला असता. फोनवर त्या म्हणतात, वहिनी, हल्ली सगळ्या लावतात, तिथे बघतंय कोण, तुम्हीही लावा. बघतंय कोण, हेच तर खरं आहे. मी बाथरूमचं दार लावून एकटीने टिकली काढली आणि खाली येऊन चहा घेतला. चहाला साखर हवी का, एवढंच विचारलं मला सगळ्यांनी.

ईशानी : मी बघितलं होतं.

आजी : काय?

ईशानी : त्याच दिवशी सकाळी. तुझा डॉट नव्हता. तू वेगळी दिसत होतीस. मी मॉमला विचारलं, तर ती म्हणाली, आजीला काही विचारायचं नाही. तिला त्रास होईल. बाबापण तेच म्हणाला.

आजी : म्हणजे त्यांना माहीत होतं.

ईशानी : हो. तुझा डॉट अजून आरशावर आहे, बाथरूमच्या. मी एकदा काढून टाकत होते, मला वाटलं कचरा आहे. मॉम इतकी चिडली. ती आरसा पुसते ना, तर त्याच्या बाजूबाजूने पुसते.

आजी : मला वाटायचं घट्ट चिकटलीय म्हणून राहिलीय.

ईशानी : नाही.

आजी : बाजूबाजूने पुसते आणि बोलत नाही. काय म्हणावं या लोकांना? दिवसभर दुसऱ्यांच्या आजारी माणसांशी गोड बोलतात. घरातल्या माणसाशी बोलायची वेळ आली की नुसता आरसा पुसतात.

ईशानी : तू रडतेस का?

आजी : नाही. चिडलेय. दे ती डबी इकडे.

ईशानी : पण तू म्हणालीस...

आजी : मी म्हणाले ते म्हणाले. मला पटलेलं नाही अजून. पण तुझा व्हिडिओ आज जायला हवा, आणि कॉलर मी जाळलाय. खुर्ची उजेडाकडे घे. बँड वर कर. डोळे मीट.

ईशानी : थंड आहे.

आजी : हलू नकोस. तुझ्या आजोबांसारखं आहे तुझं कपाळ. रुंद. मी म्हणायचे त्यांना, यावर फळा टांगता येईल.

ईशानी : तू बघितलंस त्यांना, शेवटचं? फोनवर? मला मॉमने वरती पाठवलं होतं.

आजी : उपेंद्रने फोन धरला होता, त्यांच्या पुतण्याने. मास्क लावलेली चार माणसं. हार कुणीतरी तोंडावर येईल असा घातला होता. मी म्हणत होते, हार खाली करा, त्यांना टोचेल. तिकडे ऐकूच जात नव्हतं. मग चित्र थांबलं. तुझा बाबा म्हणाला, आई, नेटवर्क गेलं. तेवढ्यात त्याचा दुसरा फोन वाजला, हॉस्पिटलचा. तो निघून गेला. मी त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसले. नंतर बॅटरी संपली.

ईशानी : मग?

आजी : मग भात लावला. तेव्हा लावू द्यायचे मला. भुवया झाकू का?

ईशानी : झाक. सगळं झाक.

आजी : इथे कानापाशी राहिलंय. थांब.

ईशानी : आजी, तू म्हणाली असतीस आम्हाला, तर? की विचारा मला?

आजी : असं सांगून विचारून घ्यायचं असतं का? तुझ्या वयाची होते तेव्हा मीही असेच प्रश्न विचारायचे. हं, झालं. उघड डोळे.

ईशानी : कशी दिसते?

आजी : वाईट. अगदी फोटोतल्यासारखी. गळ्याला माझी पांढरी शाल गुंडाळ, घड्या पाडून. कॉलर म्हणून चालेल. नाही चाललं तर मिस गिबन्सना सांग, आजीने प्रेस केला.

ईशानी : मागचं दार वाजलं. मॉम आली.

चित्रा : आई, मी आले. शूज बाहेरच काढलेत. जवळ येऊ नका हं, वॉर्डातून सरळ येतेय. कसला वास येतोय, काय जळलं? ईशानी, काय हे? कपाळाला काय फासलंयस? आधी पूस ते. पूस लवकर, आजी बघतील.

आजी : मीच लावलंय, चित्रा.

चित्रा : तुम्ही?

आजी : शाळेसाठी आहे. तिला राहू दे. तू माझ्याकडे बघ.

चित्रा : आई, मी आधी अंघोळ करून येते. मग बोलू आपण, निवांत.

आजी : मग तू जेवशील, मग झोपशील, मग तुझी ड्युटी असेल. आत्ता बस.

चित्रा : अहो, पण हे कपडे...

आजी : दोन मीटर लांब बस. पण बस.