दाराजवळचं गोणपाट

मी रुतबाई, निलंग्याकडची. बाप माझा गवंड्याच्या हाताखाली, माय रोजानं जायची, आन मी इथल्या शाळेत खिचडी शिजविते. आजोबापासून आमी ख्रिस्ती. आमची मंडळी म्हंजे वीस-बावीस घरं, पत्र्याचं देऊळ, म्होरं सतरंजी, आन मागं दाराजवळ चपला काढायच्या तिथं एक गोणपाट. त्या गोणपाटाचंच सांगायचंय, पण आधी मोठ्या पाळकांचं सांगावं लागंल.

मोठे पाळक म्हंजे आमचे पहिले, सायकलीवर सगळी गावं करायचे. मी परकरातली पोर असताना एका ऐतवारी हलगीवाला दासू उशिरा आला, चिखलाच्या पायांनी, तर पाळक सगळ्यांम्होरं लई बोलले त्याला. मागून कळलं का दासूची म्हैस ओढ्यात रुतली व्हती. पुढल्या ऐतवारी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आन द्राक्षरसाचा प्याला घ्यायचा तो दिस. भाकर मांडली, प्याला मांडला, आन पाळकांनी झगा काढून ठेवला, सरळ मागं गेले, दासूशेजारी गोणपाटावर बसले. म्हणले, ह्या भावासंगं नीट झाल्याबिगर मी प्याल्याला हात लावणार न्हाई. दासू रडायलाच लागला, त्यांचा हात धरून उठा म्हणला, तवा कुठं उठले. काय सांगू तुम्हाला, आमी त्यांचं सगळं उचललं, गाण्याची चाल उचलली, डोळे मिटून बोलणं उचललं, मंडळीचा कारभार बघणारे आमचे एक पंच तर त्यांच्यासारखं खाकरतेत सुदीक. गोणपाटावर मातर कुणी बसलं न्हाई. देवळात ऐतवारी पोरांना शिकवायला मीच, दर वर्सी ही गोष्ट सांगायचे, लई रंगवून.

आता मीबी पंच हाय. कुणी आजारी पडलं का पंचांनी जाऊन प्रार्थना करायची, ही रीत मोठ्या पाळकांचीच. माझी एक चुलत जाऊ हाय, सुशीला. कापणीच्या सणाला चार बायांत ती म्हणली, अक्का, दुसऱ्याच्या पोरांना शिकविता, तुमचा पोरगा तर पुण्यात जाऊन देवळाचं तोंड बघंना. खरं व्हतं, म्हणून जास्त लागलं. बोलणं सोडलं मी तिच्याशी. मग तिचा नवरा योहान आजारी पडला, दवाखान्यानं आता घरीच ठेवा म्हणून पाठवलं. एका दुपारी तिचा फोन आला, अक्का, हे तुमालाच बोलवायलेत, लवकर या. मी धडधाकट, हातात कोथिंबिरीची जुडी. म्हणले, मला ताप हाय, उद्या येते. दिस मावळायच्या आत योहान गेला.

मातीलाबी गेले न्हाई, ताप म्हणून बसले व्हते ना, कसं जावं. तिसऱ्या दिवशी सुशीला ज्वारीच्या कण्या घेऊन दारात. नवऱ्याला माती देऊन आलेली बाई म्हणती, अक्का, तापात तोंडाला चव नसती, एवढं खावा. मी खाल्ल्या, तिच्यादेखत सगळ्या खाल्ल्या. मला माझीच किळस आली.

पुढच्या प्रभुभोजनाला मी प्याले पुसून मांडले आन मागं जाऊन गोणपाटावर बसले. लोकांला वाटलं गुडघे धरले असतील. सुशीला उठून आली, माझ्या कपाळावर हात ठेवला, म्हणली, ताप तर न्हाई. मी म्हणले, तवाबी नव्हता.

तिचा हात जरा वेळ तिथंच राहिला, मग तिनं काढून घेतला आन माघारी आपल्या जागंवर गेली. मला वाटलं व्हतं कबूल केलं का मोकळी व्हईन, मोठे पाळक कसे घटकाभरात उठले. पण त्यांनी दासूला नुसतं बोलून दुखवलं व्हतं. माझ्या वाटंकडं बघत एक माणूस गेला, बगा.

तवापासून मी गोणपाटावरच बसते, प्याला घेत न्हाई; आन सुशीलाबी घेत न्हाई, म्हणती मनात राग ठेवून कसा घेऊ. माझ्यामुळं तिचाबी हुकला, हे लई जड जातंय. पोरांना ती गोष्ट सांगणं सोडलं मी. नवे पाळक म्हणतेत, रुतबाई, म्होरं या, देवानं माफ केलंय. मी म्हणते, देवानं केलं असंल साहेब, पण खोटं मी सुशीलाला सांगितलं व्हतं.

परवाच्या ऐतवारी ती आली, चपला काढल्या, पण म्होरं गेली न्हाई. गोणपाटाच्या दुसऱ्या टोकाला बसली, भिंतीकडं तोंड करून. मी सरकून जागा केली. पुढं काय व्हतंय ते तिच्या हातात, देव तिचं भलं करो. मी आता सगळ्यांच्या आधी जाते आन गोणपाट झाडून ठेवते, दोघींना पुरंल असं पसरून.