बाटलीतलं पाणी

हसू नका, पण माझी आई नागपुरात सगळ्यांना सांगायची, "मुलगा कॅनडात पाणी खात्यात आहे." मी सांडपाण्याचा प्लांट चालवतो, हे तिच्या तोंडून कधी निघायचंच नाही. यंदा ती आमच्याकडे रॉकीज पर्वतात आली, तेव्हा आम्ही साफ करून नदीत सोडतो त्या पाण्याची एक बाटली मी तिला दाखवायला घरी आणली. सकाळी बघतो तर आई तेच पाणी तुळशीला घालतेय!

"अगं आई, ते गटाराचं पाणी आहे!"

तिनं बाटली खिडकीशी धरली. पाण्यातून पलीकडचा बर्फाचा डोंगर लख्ख दिसत होता. उरलेलं पाणीही तिनं कुंडीत ओतलं आणि मावशीला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, माझा मुलगा गटाराचं पाणी साफ करतो. आज मी तुळशीला तेच घातलं!"